पहाऱ्याची वही

गेल्या महिन्यात गावाकडून दूरध्वनी आला. गावाबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना असे दूरध्वनी नवीन नाहीत. मंदिराचा जीर्णोद्धार, शाळेची गळकी खोली, हरिनाम सप्ताहाची पंगत ही त्यांची नेहमीची निमित्ते. या वेळचे निमित्त वेगळे होते. परिसरात दोन-तीन चोऱ्या झाल्या होत्या. एका वस्तीवरून शेळ्या गेल्या, एका विहिरीवरची मोटार गेली. म्हणून तरुणांनी ग्रामसुरक्षा दल उभे करायचे ठरवले होते. वीस मुलांसाठी शिट्ट्या, बॅटऱ्या, काठ्या आणि चौकात लावायला दोन कॅमेरे, एवढा खर्च बाहेरगावी असलेल्यांनी उचलावा आणि साहेबांनी दलासाठी मार्गदर्शनपर दोन शब्द लिहून पाठवावेत, अशी विनंती होती. पैसे त्याच दिवशी पाठवता आले असते. दोन शब्द मात्र कित्येक दिवस लिहून होईनात. त्याचे कारण सांगायचे तर मला १९८९ च्या उन्हाळ्यात जावे लागेल.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो. पुण्यात अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करीत होतो आणि सुटीसाठी गावी आलो होतो. आमचे गाव नगर जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातले. पोलीस ठाणे अठरा किलोमीटरवर, दूरध्वनी शेजारच्या गावच्या टपाल कार्यालयात, तोही बहुधा बंद. माझे थोरले चुलते गावचे पोलीस पाटील होते. सारे गाव त्यांना आबा म्हणे. वंशपरंपरागत पाटीलकी गेल्यानंतर १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने हे पद नव्याने घडवले होते. नेमणूक सरकारची, मोबदला तुटपुंज्या मानधनाचा आणि काम गावातील बऱ्यावाईटाची खबर ठाण्याला देण्याचे. आबांपाशी ना गणवेश होता ना हत्यार. एक कापडी बांधणीची वही होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता.

त्या उन्हाळ्यात दरोडेखोरांच्या टोळीची आवई उठली होती. अंगाला तेल लावून येतात, दाराची कडी वाजवतात, लहान मुलासारखे रडून दार उघडायला लावतात, अशा कथा बाजाराच्या दिवशी एका गावाहून दुसऱ्या गावाला जात. प्रत्यक्षात कोणाच्या घरी दरोडा पडल्याचे ऐकिवात नव्हते, पण भीतीला पुराव्याची गरज नसते. तरुणांनी पाळ्या लावून गस्त सुरू केली. पुण्याहून आलेला, पाच सेलची बॅटरी बाळगणारा मी त्यात आपसूकच पुढे होतो. खरे सांगायचे तर ते दिवस आनंदाचे होते. रात्रभर माळवदावर गप्पा, चहा आणि आपण गाव राखीत आहोत ही जाणीव.

मे महिन्यातल्या एका काळोख्या रात्री ओढ्याकडून एक आकृती पांदीने येताना दिसली. मी बॅटरीचा झोत टाकला. माणूस क्षणभर थबकला आणि पळाला. तो पळाला एवढेच मी पाहिले आणि जीव खाऊन ओरडलो, "चोर! धरा!" पुढचे पाच-दहा मिनिटांत घडले. शिट्ट्या झाल्या, दारे उघडली, काठ्या निघाल्या. मी माळवदावरून उतरून पोहोचेपर्यंत माणूस खाली पडलेला होता आणि त्याचा डावा हात कोपराखाली भलत्याच कोनात वळलेला होता. तो काहीतरी सांगत होता, पण त्याची बोली कोणाच्या कानी शिरत नव्हती. ती बोली आपली नव्हती, हाच जणू पुरावा झाला होता.

आबा आले ते धोतर सावरीत, काखेत वही धरून. त्यांनी कोणाला रागे भरले नाही. दोघांना सांगून त्या माणसाला चावडीच्या खोलीत नेले, बाहेरून कडी घातली आणि स्वतः उंबऱ्यावर बसून कंदिलाच्या उजेडात वही उघडली. म्हणाले, "ज्यानं ह्याला चोरी करताना पाहिलं त्यानं पुढं यावं. नाव, वेळ, काय पाहिलं ते सांगावं. मी लिहून घेतो, खाली सही नाहीतर अंगठा करायचा. उद्या ठाण्यात हेच द्यायचंय."

शंभर-सव्वाशे माणसे होती. कोणी पुढे आले नाही. आबांनी पुन्हा विचारले. कोणी म्हणाले, "आबा, लिहायचं काय त्यात, सगळ्यांनीच पाहिलंय." आबा म्हणाले, "मग सगळ्यांची नावं लिहितो, सांग पहिलं तुझं." तो मागे सरकला. गर्दी अशी मागून पातळ होत गेली. मग आबांनी विचारले, "पहिली आरोळी कुणी दिली?" काही नजरा माझ्याकडे वळल्या. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

तो माणूस ओढ्यापलीकडे पाले टाकून राहिलेल्या नंदीबैलवाल्यांपैकी होता. त्याच्या मुलीला विंचू चावला होता आणि तो औषधासाठी गावात येत होता. पहाटे आबांनी दुधाच्या गाडीतून बाप आणि मुलगी दोघांनाही तालुक्याच्या दवाखान्यात पाठवले. मुलगी वाचली, असे गाडीवाल्याने परत येऊन सांगितले. दोन दिवसांत पाले उठली. त्या माणसाचा हात नीट जुळला की नाही, हे मला कधीच कळले नाही.

पुढे एम. ए. करताना सार्वजनिक वस्तूंचा सिद्धान्त शिकलो आणि ती रात्र वारंवार आठवली. पहारा ही सार्वजनिक वस्तूच आहे. राखणदार जागा राहिला तर झोपलेल्याचेही घर राखले जाते, म्हणून प्रत्येकाला झोपणेच परवडते. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात ही अडचण मांडली. गट जितका मोठा, तितकी आपला वाटा टाळण्याची ओढ अधिक. गावगाड्याने या अडचणीवर शतकानुशतके एकच उत्तर काढले होते. जागण्याचे काम गावातल्या सर्वांत दुबळ्यांच्या माथी मारायचे. एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या राखणीचे वर्णन आहे. गावात चोरी झाली तर जागल्याने पावलांचा माग काढीत तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन द्यायचा. माग शिवेत हरवला तर नुकसानीचा बोजा त्याच्यावर वा गावावर. विम्याची ही व्यवस्था होती खरी, पण हप्ता भरणारे एक आणि लाभ घेणारे दुसरे. महार, रामोशी, भिल्ल जागत आणि ज्यांच्या घरात चोरण्याजोगे काही होते ते झोपत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे याच वेठीचा संताप होता. आणि ज्या जमाती फिरत्या, त्यांच्यापैकी कित्येकांना तर १८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ साली गेला. गावाच्या नजरेतून तो गेला नव्हता, हे मी १९८९ साली बॅटरीच्या उजेडात पाहिले.

केंद्रीय सेवेत आल्यावर योजनांच्या मूल्यमापनाच्या निमित्ताने देशाच्या अनेक भागांत हिंडलो आणि जेथे जाईन तेथे गावाच्या राखणीची चौकशी करण्याची खोड लागली. पंजाब आणि हरियाणात 'ठीकरी पहरा' नावाची पद्धत आहे. ठीकरी म्हणजे खापरी. पूर्वी खापऱ्यांवर नावे घालून पाळी ठरवत, त्यावरून हे नाव पडले असे तेथील वडीलधारे सांगतात. १९१८ च्या एका कायद्यान्वये तेथील जिल्हा प्रशासन गावातल्या धडधाकट प्रौढ पुरुषांना पाळीने गस्त घालण्याचा आदेश देऊ शकते आणि तसे आदेश आजही निघतात. करोनाच्या काळातही हरियाणातील गावांच्या वेशीवर असे पहारे बसले होते. आसामात १९४९ पासून गावरक्षक पथके आहेत आणि १९६६ च्या कायद्याने त्यांना पोलीस यंत्रणेशी जोडले आहे. जम्मूच्या डोंगरी भागात दहशतवादाच्या छायेत १९९५ पासून ग्रामसंरक्षण समित्यांना बंदुका दिल्या गेल्या. दुर्गम वस्त्यांना त्यांचा आधार झाला, तसे काही सदस्यांवर गुन्हेही दाखल झाले. २०२२ साली त्या रचनेची नव्याने घडी बसवण्यात आली. छत्तीसगडात मात्र आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका देऊन नक्षलवाद्यांसमोर उभे करण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ च्या निकालाने घटनाबाह्य ठरवली.

या सगळ्यामागचे गणित साधे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ६ लाख ४० हजार गावे आणि पोलीस ठाणी, शहरांतली धरून, सुमारे १७ हजार. ठाण्याचा शिपाई प्रत्येक पांदीत उभा राहू शकत नाही. गावाने स्वतःची राखण करणे ही हौस नसून गरज आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. महाराष्ट्रात आता एका दूरध्वनीसरशी गावातील सर्वांच्या भ्रमणध्वनीवर इशारा पोहोचवणारी यंत्रणाही अनेक गावांत आहे. बिबट्या, आग, पूर, अपघात, चोरी अशा प्रसंगी तिचा उपयोग होतो.

परंतु शिट्टी कोणासाठी वाजवायची, हे शिट्टी सांगत नाही. २०१८ च्या जूनमध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात मुले पळवणारे समजून दोन तरुणांना जमावाने मारले. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांची हत्या झाली. भ्रमणध्वनीवरून फिरलेली मुले पळवणाऱ्यांची अफवा तेथेही होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. त्या भागात चोर येतात या अफवेने गावकरी रात्री जागत होते. राईनपाड्याची बातमी दिल्लीत वाचली, तेव्हा एका तपशिलावर मी अडखळलो. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले होते. आमच्याकडेही खोलीच होती आणि बाहेरून कडीही होती. फरक एवढाच की आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक माणूस वही घेऊन बसला होता.

ओल्सन यांचे सूत्र येथे उलटे चालते. पहाऱ्यात फुकटा तो, जो झोपतो. जमावात फुकटा तो, जो मारतो. शंभर हातांत दोष वाटला गेला की एकाच्या वाट्याला शून्य येतो. आबांच्या वहीने तो दोष पुन्हा एकेकाच्या नावावर मांडला आणि गर्दीची माणसे झाली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निकालात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार अधिकारी नेमण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद आहे. या गोष्टी आवश्यकच आहेत, पण त्या बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचतात. त्या रात्रीच्या दहा मिनिटांत उपयोगी पडते ती फक्त वही.

येथेच हा लेख संपवला असता तर मला सोयीचे झाले असते. गेली अनेक वर्षे मित्रांना, प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना ही गोष्ट मी येथपर्यंतच सांगत आलो आहे. पुढचा भाग सांगितलेला नाही.

त्या प्रकरणात मारहाणीचा गुन्हा नोंदला गेला आणि गावातील सहा तरुणांची नावे त्यात आली. मी तोवर पुण्याला परतलो होतो. मी काठी उचलली नव्हती, म्हणून माझे नाव नसणे मला स्वाभाविक वाटले. दोन-अडीच वर्षांनी खटला निकाली निघाला. फिर्यादीच सापडत नव्हता, त्यामुळे सहाही जण सुटले. परंतु दरम्यान त्यांतला एक पोलीस भरतीत उतरला होता. धावण्यात पहिला आला, लेखी परीक्षेतही उत्तीर्ण झाला आणि चारित्र्य पडताळणीत हा प्रलंबित खटला आडवा आला. पुढे वयाची मर्यादा उलटली. त्याच सुमारास मी स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरीत होतो आणि माझी पडताळणी निर्विघ्न झाली.

आबा २००६ साली गेले. त्यांच्या पेटीत त्या वह्या निघाल्या. १९८९ ची वही मी मुद्दाम शोधली. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात त्या रात्रीचा अहवाल होता. वेळ, ठिकाण, जखमांचे वर्णन, सहा जणांची नावे, सारे काही होते. आणि एक ओळ होती : 'पहिली आरोळी देणारा : अनोळखी इसम.'

आबांना पक्के ठाऊक होते. त्या रात्री माझ्याकडे वळलेल्या नजरा त्यांनीही पाहिल्या होत्या. उभ्या आयुष्यात खोटी नोंद न करणाऱ्या माणसाने एकच खोटी नोंद केली आणि ती पुतण्यासाठी केली. एका माणसाला गावाने अनोळखी म्हणून मारले आणि मी अनोळखी म्हणून सुटलो. माझ्या नोकरीच्या साऱ्या इमारतीखाली ही एक ओळ आहे.

म्हणूनच दोन शब्द लिहिणे जड जात होते. वही असावी, हे खरे. परंतु वही कोणाच्या हाती आहे आणि त्या हाताला कोण जाब विचारतो, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक संपत्ती टिकवणाऱ्या गावांचा अभ्यास करून त्यांनी जे नियम काढले, त्यांत एक असा आहे की राखण करणाऱ्यांवरही राखण हवी आणि ते स्वतः गावाला उत्तरदायी हवेत. आबांवर राखण नव्हती. त्यांचा सच्चेपणा हीच आमची संस्था होती, आणि माणसाचा सच्चेपणा घराच्या उंबऱ्याशी कधीतरी अडखळतोच.

अखेर पत्र लिहिले. त्यातला उपदेश कमी करून चारच गोष्टी ठेवल्या. पहिली, पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवावी. खापरीला पुतण्या नसतो. तुम्ही पाठवलेल्या वीस नावांत ओढ्यापलीकडचे एकही नाव नाही आणि एकही स्त्री नाही, त्यांच्या चिठ्ठ्याही त्यात पडाव्यात. दुसरी, दलाने थांबवावे, विचारावे, ठाण्याला कळवावे. हात लावू नये आणि काठ्यांचे पैसे मी पाठवणार नाही. तिसरी, शिवारात कोणी पाल टाकले, ऊसतोडीची टोळी उतरली वा फेरीवाला आला, तर दिवसाउजेडी जाऊन त्यांची ओळख करून घ्यावी आणि रात्री गरज पडली तर कोणत्या दारावर थाप मारायची ते त्यांना सांगावे. १९८९ साली कोणी एवढे केले असते, तर तो माणूस चोरपावलांनी नव्हे, हाक मारीत आला असता. चौथी, प्रत्येक आरोळीची नोंद व्हावी. कोणी दिली, काय पाहून दिली, हे त्याच रात्री लिहावे. वही दोघांच्या ताब्यात असावी आणि ते दोघे एका भावकीचे नसावेत. पानाचे छायाचित्र सकाळी ठाण्याला जावे आणि दर ग्रामसभेत वही वाचली जावी.

पत्र धाडण्यापूर्वी एक दूरध्वनी करणे भाग होते. भरतीत अडलेला तो माणूस आता तालुक्याच्या रस्त्यावर टायरचे दुकान चालवतो. दरवर्षी गावी गेलो की त्याच्या हातचा चहा घेतो. त्याला मी सगळे सांगितले, वहीतल्या ओळीसकट. पलीकडे काही वेळ नुसते गाड्यांचे आवाज येत राहिले. मग तो म्हणाला, "भाऊ, आमाला सहाजणांना ते तवाच ठावं होतं. आबांचा मान राखला आमी." थोडे थांबून म्हणाला, "पर तुमी सांगितलं ते बरं झालं."

पैसे पाठवले. त्यासोबत कापडी बांधणीची दोनशे पानांची एक वहीही पाठवली आहे. पहिल्या पानावर त्या रात्रीची नोंद मी स्वतःच्या अक्षरात करून दिली आहे. वेळ, ठिकाण, काय पाहिले : एक माणूस पळाला. चोरी पाहिली नाही. पहिली आरोळी देणाराचे नाव या रकान्यात माझे पूर्ण नाव लिहून खाली सही केली आहे.